तारा, टारा, टॅरा... व्हाया नगर

ऑफिसमध्ये मी तीन मुली आहे. दुपारी मँचेस्टरच्या क्लायंटसाठी टारा, रात्री शिकागोच्या क्लायंटसाठी टॅरा आणि कॅन्टीनवाल्या काकांसाठी तारामॅडम. सवयीनं मीही कॉलवर ‘हाय, टॅरा हिअर’ म्हणायला लागले. मग एकदा आईचा फोन शेजारच्या डेस्कवालीनं उचलला. ‘टॅरा मीटिंगमध्ये आहे’ असं ती म्हणाल्यावर आईनं ‘सॉरी, राँग नंबर’ म्हणून फोन ठेवूनसुद्धा दिला! रात्री आई हसत होती. मला मात्र काही केल्या झोप येईना. हे नाव माझ्या आजीनं ठेवलंय आणि आजी होती नगरची.

म्हणून ३१ जानेवारीची सुट्टी टाकली आणि आदल्या दिवशी पुण्याहून नगरची एसटी पकडली. २०२४ मध्ये शहराचं नाव अहिल्यानगर झालं. कंडक्टर पाटी वाचून अहिल्यानगर म्हणतो आणि पुढच्याच वाक्यात ‘नगरवाले पुढं सरका’. एका गावाला दोन नावं चालतात, मग माझंच काय बिघडलं?

नावांच्या या भानगडीसाठी नगरसारखं दुसरं गाव नाही, कारण इथं ब्रिटिश आणि अमेरिकन दोघंही मुक्कामाला होते. १८०३ मध्ये वेलस्लीनं भुईकोट किल्ला घेतला, मग छावणी आली. १८३१ मध्ये बोस्टनच्या संस्थेचं अमेरिकन मराठी मिशन आलं. इथंच १९१८ साली टेरेन्स मिलिगन जन्मला. पुढे इंग्लंडला हसवणारा स्पाइक मिलिगन तो हाच. आणि मिशनमध्ये होत्या सिंथिया फरार. सावित्रीबाई फुले ज्यांच्याकडे शिक्षिकेचं ट्रेनिंग घ्यायला आल्या, त्या. त्यांचं आडनाव ब्रिटिश माणूस ‘फॅरा’ म्हणेल, कारण शब्दाच्या शेवटचा र तो गिळतो. अमेरिकन ‘फॅरर’ म्हणून र चांगला घोळवेल. (बोस्टनकडचे जुने लोकही र गिळतात म्हणे, म्हणजे बाईंच्या संस्थेतच एकमत नसणार.) आपण काय केलं? सरळ ‘फरार’! बाईंनी आयुष्याची कितीतरी वर्षं इथं मुलींना शिकवण्यात घालवली, १८६२ मध्ये देहही इथंच ठेवला आणि नाव मात्र पोलीस डायरीतलं. मला तर हे फार गोड वाटतं.

मिशनच्या गावात पीटर-जॉन ढिगानं असतील, हा माझा आणखी एक गैरसमज. मराठी बायबलात पीटर नाहीच, पेत्र आहे. जॉनचा योहान, मॅथ्यूचा मत्तय, जेम्सचा तर याकोब. ही नावं इंग्रजीला बगल देऊन आपल्याकडे आली. त्यामुळे ब्रिटिश ‘पीटऽ’ बरोबर की अमेरिकन ‘पीडर’, हा वाद नगरच्या पेत्राला लागूच होत नाही. आणि रेव्हरंड टिळक? ते ख्रिस्ती झाले तरी नारायण वामनच राहिले, लक्ष्मीबाई लक्ष्मीबाईच. त्यांच्या मुलीचं नाव, बाय द वे, तारा.

दुसऱ्या दिवशी रिक्षानं अरणगावजवळचं मेहेराबाद गाठलं. ३१ जानेवारी म्हणजे अमरतिथी. १९६९ मध्ये याच दिवशी मेहेरबाबांनी देह ठेवला. बाबा १९२५ पासून शेवटपर्यंत मौनात होते. मधली कितीतरी वर्षं ते इंग्रजी मुळाक्षरांच्या पाटीवर बोट ठेवून बोलत. म्हणजे त्या काळात ते कुणाचंही नाव ‘उच्चारत’ नव्हते, फक्त दाखवत होते. भक्तांत ब्रिटिश होते, अमेरिकन होते, इराणी होते. पाटीवर सगळ्यांची नावं सारखीच बिनचूक. आमच्या कॉन्फरन्स कॉलला अशी पाटी मिळाली तर!

दुपारी टेकडीवर पंधरा मिनिटांचं मौन सुरू झालं. हजारो माणसं आणि ऐकू येतोय फक्त वारा. मौन सुटल्यावर चहाच्या रांगेत दोन आजोबा भेटले. एक लंडनचे अँथनी, स्वतःला ‘अँटनी’ म्हणवणारे. दुसरे कॅलिफोर्नियाचे, तेही अँथनीच, पण ठसठशीत थ लावून. दोघं दरवर्षी भेटतात आणि दरवर्षी एकमेकांचं नाव चुकीचं घेतात, असं दोघांनीही तक्रारीच्या सुरात आणि एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं. माझं नाव विचारलं. तोंडातून सवयीनं ‘टॅरा’ निघालं.

मागून चहा ओतणाऱ्या अरणगावच्या मावशी म्हणाल्या, ‘काय गं, तारा का?’ मी मान हलवली. ‘मग तसं सांग की त्यांना. जीभ दाताला लाव म्हणावं, येतंय.’

मग चहा गार होईपर्यंत दोन अँथनी जीभ दातांना लावत बसले. लंडनवाल्यांना तिसऱ्या खेपेला जमलं. कॅलिफोर्नियावाल्यांचं ‘थारा’ झालं, पण ‘टॅरा’पेक्षा बरंच जवळ.

सोमवारी रात्री शिकागोचा कॉल लागला. ‘हाय, तारा हिअर,’ मी म्हटलं. पलीकडे क्षणभर शांतता. मग आवाज आला, ‘सॉरी, हू?’

मी पुन्हा सांगितलं. सावकाश, जीभ दाताला लावून.