पाच सारख्या वधू

अवसरी बुद्रुकच्या एका पेढीवरील आजोबा नातीबरोबर जपानी चित्रमालिका पाहू लागले. नेगी हारुबा यांची ही मूळ चित्रकथा २०१७ ते २०२० या काळातील. पाच एकसारख्या बहिणी, त्यांना शिकवणारा तरुण. विवाह आरंभीच दिसतो, वधू मात्र गुप्त. नातीची पसंती मिकूला. आजोबांनी उधारीचे गिऱ्हाईक पारखावे तसे पारखून योत्सुबा सांगितली: सर्वांसाठी झटते, स्वतःसाठी काही मागत नाही. तीच निघाली. लग्नात पाचही जणी वधूवेशात उभ्या राहतात आणि वर प्रत्येकीला ओळखतो, तेव्हा त्यांना दमयंती आठवली. तिनेही घाम नि धूळ पाहून पाच नळांतून आपला निवडला होता.

त्याच आठवड्यात नातीसाठी दोन स्थळे आली होती. तेथे आजोबांनी अंदाज बांधला नाही, तिलाच विचारले. तिने आठ दिवस मागून घेतले.