नांदायला ये, असा हुकूम

लग्नपत्रिकेवर ‘नांदा सौख्यभरे’ छापतात तेव्हा तो आशीर्वाद असतो. पण नांदण्याचा कोर्टातून हुकूमही निघू शकतो, हे मला लॉ कॉलेजला गेल्यावर कळलं. आपल्याकडचा असा सगळ्यात गाजलेला हुकूम मुंबई उच्च न्यायालयातला आहे.

रखमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षी दादाजी भिकाजींशी लावून दिलं गेलं. त्या सासरी गेल्याच नाहीत. आई आणि सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्याकडेच राहिल्या, वाचत-शिकत राहिल्या. १८८४ मध्ये दादाजींनी दावा लावला: माझी बायको माझ्याकडे पाठवा.

सप्टेंबर १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी तो फेटाळला. असा दावा मुळात इंग्रजी कायद्यातला, हिंदू धर्मशास्त्रात त्याला आधार नाही, असं त्यांचं म्हणणं. शिवाय अजाण वयात लग्न लावलेल्या बाईला मनाविरुद्ध त्या पुरुषाकडे ढकलणं त्यांना क्रूर वाटलं. यावर मोठी ओरड झाली. ‘केसरी’नेही रखमाबाईंच्या विरोधात लिहिलं. धर्म वाचवायला निघालेली माणसं एका विलायती दाव्यासाठी भांडत होती!

१८८६ मध्ये अपिलात मुख्य न्यायमूर्ती सार्जंट आणि न्यायमूर्ती बेली यांनी पिन्हींचा निकाल फिरवला. मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला: महिन्याभरात नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने कैद. खुद्द इंग्लंडमध्ये अशा हुकमासाठी तुरुंगात टाकणं १८८४ मध्येच बंद झालं होतं.

कैद भोगेन, पण जाणार नाही, असं रखमाबाईंनी कळवलं. शेवटी १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. मग त्या लंडनला गेल्या, १८९४ मध्ये डॉक्टर झाल्या आणि परत येऊन सुरतेत बायकांवर उपचार करू लागल्या.

हे सगळं मी परीक्षेपुरतं वाचलं होतं. मागच्या वर्षी मावसबहिणीने व्हॉट्सॲपवर एका कागदाचा फोटो पाठवला. वर लिहिलं होतं, हिंदू विवाह कायदा, कलम ९. वैवाहिक हक्कांची पुनर्स्थापना. खाली तिचा एकच मेसेज: ‘म्हणजे पोलीस येऊन नेणार का मला?’

‘नाही गं ताई,’ मी फोनवर सांगितलं. ‘आता यात जेल नाही.’ तुला तुझी बाजू मांडता येते, वेगळं राहायला सबळ कारण असेल तर अर्ज फेटाळला जातो. निकाल विरोधात गेला तरी उचलून कुणी नेत नाही. पण न पाळल्यास मालमत्तेवर जप्ती येऊ शकते, आणि वर्षभर एकत्र आला नाहीत तर दोघांपैकी कुणीही घटस्फोट मागू शकतं. हा अर्ज बायकोलाही करता येतो. कागदावर सगळं समान आहे.

ताई बराच वेळ गप्प होती. मागून मावशीचा आवाज आला, ‘चार दिवस जाऊन राहा की. कोर्टाचा मान राहील.’ ती ज्या घरातून निघून आली, तिथे चार दिवस म्हणजे काय, ते मावशीलाही माहीत होतं. तेव्हा मला पहिल्यांदा समजलं, जेल काढून टाकली तरी या कलमाचं वजन कुठे पडतं. हुकूम निघायच्या आधीच घरातली माणसं त्याची अंमलबजावणी सुरू करतात.

१९८३ मध्ये आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती चौधरी यांनी हे कलम घटनाबाह्य ठरवलं होतं. बाईच्या शरीरावरचा तिचा हक्क त्यांनी महत्त्वाचा मानला. पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ते मत नाकारलं. लग्न मोडू नये म्हणून हे कलम उपयोगी आहे, असं म्हटलं. ज्यांच्याकडून आपण ते उचललं, त्या इंग्लंडने १९७० मध्येच हा दावा रद्द केला होता.

रखमाबाई नव्वद वर्षं जगल्या. २५ सप्टेंबर १९५५ ला त्या गेल्या. त्याच्या चार महिने आधी, त्याच वर्षीच्या मे महिन्यात, स्वतंत्र भारताचा हिंदू विवाह कायदा लागू झाला होता. त्यात कलम ९ होतं.