मदनच्या वाटेवर : साठीपारच्या पाच जणांची दैनंदिनी

रविवार, गिरड

सरावाचा शेवटचा दिवस. सकाळी साडेपाचला वर्ध्याहून निघून हिंगणघाट, समुद्रपूर करत गिरड. पाठीवर वजन घेऊन टेकडी चढायची, उतरायची, परत चढायची. दर्ग्यावर आलेली एक आजी आमच्याकडे बघून म्हणाली, "कोन्ता नवस हाय, बावाजी?" मास्तर म्हणाले, "गुडघ्याचा."

वर्ध्याच्या माणसाने डोंगर चढायचं ठरवलं की पहिली अडचण डोंगराचीच येते. जुन्या गॅझेटियरात जिल्ह्यातली उंच ठिकाणं म्हणून मालेगाव, नांदगाव आणि जैतगड अशी तीन नावं आहेत. त्यातलं जैतगड सर्वांत उंच, २,०८६ फूट. आम्ही निघालोय ते मदनगडावर, म्हणजे पाच हजार फुटांच्या जवळपास. त्यात शेवटचा टप्पा दोराचा. घरच्यांना दोराचं सांगितलेलं नाही. फक्त वहिनींच्या घरी माहीत आहे, कारण त्यांचे मालक, म्हणजे आमचे बँकवाले, सोबतच आहेत.

गिरडच्या टेकडीवर सुपारीएवढे, जायफळाएवढे गोल दगड सापडतात. म्हणतात की दोन व्यापाऱ्यांनी शेख फरीदबाबांची टिंगल केली आणि त्यांच्या मालाचा दगड झाला. मी पाटबंधारे खात्यात नोकरी काढली, म्हणून मला त्यामागचं दुसरं कारणही माहीत आहे : लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकतात, पुढे त्या पोकळ्यांत पाणी झिरपतं आणि झिओलाइटसारखी खनिजं साचतात. भोवतीचा खडक झिजला की आतला गोळा मोकळा होतो. दोन्ही गोष्टी मास्तरांना सांगितल्या. त्यांना व्यापाऱ्यांची आवडली.

रक्तदाब : मास्तर १५०/९०, मी १४०/८४, बँकवाले १३०/८०, वहिनी १२०/७६. डॉक्टरांनी स्वतःचा मोजला नाही. ते गुरांचे डॉक्टर, मोजतात मात्र आमचा.

खर्च : गाडीचं पेट्रोल १,१०० रुपये, आलूबोंडे व चहा २४०.

बुधवार रात्र, गाडीत

गाडी दोन तास उशिरा. फलाटावर थंडी. चहा पाच, ५० रुपये. परत चहा पाच, ५० रुपये. हमाल केला नाही, त्याचा पश्चात्ताप पुलावरच झाला.

रक्तदाब : मास्तर १४६/९०. बाकीच्यांनी नकार दिला.

सामानाचं वजन फार. बँकवाल्यांच्या सॅकमध्ये गोरसपाकाचे चार डबे निघाले. वर्ध्याहून बाहेरगावी जायचं आणि गोरसपाक न्यायचा नाही हे त्यांना पटत नाही. कड्यावर दोराने ओढून घ्यायच्या सामानात साजूक तुपाच्या बिस्किटांचे डबे. मी काही बोललो नाही. वहिनी बोलल्या.

गुडघा : उजवा.

बँकवाले बडनेऱ्याच्या आधीच घोरायला लागले.

गुरुवार, आंबेवाडी

इगतपुरीला उतरलो तेव्हा उन्हं वर आली होती. तिथून घोटी, घोटीहून जीप. जीपचे १,८०० रुपये. डॉक्टरांना जास्त वाटले, रस्ता पाहिल्यावर कमी वाटले. रात्रभर घोरणं ऐकलं आहे, डोकं जड आहे, तरी आज लिहायला हवं, कारण आज त्या तिघांना पाहिलं.

अलंग, मदन आणि कुलंग एकाच रांगेत शेजारी शेजारी उभे आहेत. अलंग आणि कुलंग लांब, सपाट माथ्याचे. मधला मदन त्यांच्यापेक्षा लहान आणि अंग चोरून बसलेला. माथ्याखाली चारी बाजूंनी ताशीव काळा कडा. जीपमधून उतरल्यावर बराच वेळ कोणी बोललं नाही. मग मास्तर म्हणाले, "काहून आलो बे आपण इथं?"

खडक आमच्याकडचाच आहे. दख्खनचा हा बेसाल्ट वर्ध्यापर्यंत आणि पुढे नागपूरपर्यंत पसरला आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे लाव्हाचे थर. आपल्याकडे हे थर आडवे पडून कापसाच्या काळ्या मातीखाली झोपले, इथे पावसाने आणि नद्यांनी त्यांचे कडे कोरले. वर्ध्यात वर्षाला हजारेक मिलिमीटर पाऊस पडतो. इथून जवळच्या घाटघरला त्याच्या कित्येक पट.

मुक्काम गावातल्या एका घरी. घरधनीण माझ्या लेकीच्या वयाची. सारवलेल्या पडवीत तिने पानं वाढली : नाचणीची भाकर, हुलग्याचं पिठलं, लसणाचा ठेचा, इंद्रायणीचा भात आणि वर कच्चा कांदा, बुक्कीने फोडलेला. भाकर थापताना तिचा हात परातीत गोल फिरत होता आणि भाकर जागच्या जागी मोठी होत होती. पीठ सांडलं नाही, काठ चिरला नाही. नाचणीला चिकटपणा नसतो. आमच्या ज्वारीच्या भाकरीवर जन्म काढलेल्या वहिनी उठून चुलीपाशी गेल्या आणि म्हणाल्या, "मले एक करू दे." पहिली तव्यावर टाकतानाच तुटली. दुसरीचा नकाशा झाला. तिसरी तिने वहिनींच्या हातावर हात ठेवून करून घेतली. दोघी खूप हसल्या. बँकवाल्यांनी तिन्ही खाल्ल्या.

जेवताना तिने विचारलं, "बाबा, तुमचं वय काय?" सांगितलं. "आणि वर जाणार?" हो म्हणालो. थोडी थांबली. "मग खाऊन घ्या पोटभर. वर काय भेटत नाय." गोरसपाकाचा एक डबा तिच्या पोरांना दिला. तेवढंच वजन कमी.

पाण्याचं मी मुद्दाम विचारलं, जुनी खोड. म्हणाली, होळीपर्यंत विहिरीला असतं, मग हंडे घेऊन लांब जावं लागतं. इतक्या पावसाच्या गावात. कडा पाणी धरत नाही, वरच्यावर सोडून देतो, हे मला कळतं. पण तीस वर्षं पाणी अडवायची नोकरी केलेल्या माणसाला हे ऐकून जेवण गोड लागत नाही.

नाशिकहून दोरवाले तिघे संध्याकाळी आले. तिघेही तिशीचे. त्यांनी आमच्याकडे पाहिलं, मग एकमेकांकडे. म्होरक्याने नियम सांगितले : हेल्मेट काढायचं नाही, तो सांगेल तेव्हा थांबायचं, तो परत फिर म्हणाला तर वाद घालायचा नाही. मास्तरांनी वाद घालायला तोंड उघडलं आणि मिटलं.

शुक्रवार, मदनच्या गुहेत, टॉर्चच्या उजेडात

पहाटे पाचला निघालो. गावातला एक तरुण वाटाड्या पुढे. भाताची खाचरं संपली की रान सुरू, कारवीचं आणि कडक चढाचं. आम्ही फार हळू चाललो. दोरवाल्यांचा म्होरक्या दोनदा म्हणाला, "काका, हाच वेग ठेवा, छान आहे." दुसऱ्यांदा मला ते खरं वाटलं. तरुण मंडळी पळतात आणि बसतात, पळतात आणि बसतात. आम्ही बसलोच नाही, कारण बसलं की उठता येत नाही.

अलंग आणि मदनच्या मधल्या खिंडीत पोचलो तेव्हा दहा वाजत आले होते. इथून डावीकडे अलंग, उजवीकडे मदन. मदनच्या अंगाला कड्यात खोदलेल्या पायऱ्या. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला काही नाही. पायऱ्या अरुंद आणि झिजलेल्या, त्यांवर मुरमाचा चुरा. इथे मास्तर थांबले. दहा-बारा पायऱ्या चढून गेले होते. उभे राहिले, खाली पाहिलं, मग शांतपणे म्हणाले, "मी इथून परत." कोणी आग्रह केला नाही. वाटाड्या त्यांना घेऊन खाली गेला. चाळीस वर्षं वर्गात पोरांना "घाबरू नका" सांगणाऱ्या माणसाला आपल्या पायांचं म्हणणं ऐकता आलं, हे मला आजच्या दिवसातलं सर्वांत शहाणपणाचं काम वाटलं. संध्याकाळी त्यांना चुलीपाशी गरम भाकर मिळाली असणार. आम्ही खातोय गोरसपाक.

पायऱ्या संपतात तिथे रस्ताच संपतो. १८१८ साली इंग्रजांनी हे किल्ले घेतले आणि पुन्हा कोणी इथे पाय रोवू नये म्हणून वाटेवरच्या पायऱ्या सुरुंगाने उडवल्या, असं सांगतात. उरला तो पन्नासेक फुटांचा उभा कातळ. त्या काळी कारागिराने टाकीच्या घावाने पायरी काढली, नंतर दारूने ती उडवली, आणि आता निवृत्तिवेतनावर जगणारे लोक तिथे दोराला लटकतात.

म्होरक्या पहिला चढला, कातळातल्या बोल्टांत दोर अडकवत. मग वहिनी. वय ६३. गुरुवारी नाचणीची भाकर तोडणाऱ्या वहिनी कातळावर एकदाही अडखळल्या नाहीत. पाय आधी, हात नंतर, आणि खाली एकदाही पाहिलं नाही. बँकवाले खालून ओरडत होते, "जपून गं!" वरून उत्तर आलं, "तुमी गप राहा."

मग मी. हार्नेस कमरेत रुतलेला, वरचा दोर ताठ. मध्यावर एक जागा आहे, जिथे उजवा पाय खांद्याच्या उंचीपर्यंत न्यावा लागतो. माझा उजवा गुडघा. तिथे मी थांबलो, नाक कातळाला टेकलेलं. डोळ्यांपुढे चार बोटांवर खडक, आणि त्यात मिरीएवढे, वाटाण्याएवढे पांढरे ठिपके. गिरडच्या टेकडीवरचं तेच खनिज, सहाशे किलोमीटरवर. एका ठिपक्यात बारीक सुया उभ्या होत्या, कापसाच्या बोंडासारख्या फुललेल्या. त्याच्याच वर तुटक्या पायरीचा अर्धा तुकडा, आणि त्यावर टाकीच्या तिरप्या खुणा अजून स्पष्ट. वरून आवाज आला, "काका, काय झालं?" काही झालं नव्हतं, मी वाचत होतो. डावा पाय आणखी वर रोवला, उजवा घासत नेला, तुकड्याला हात घातला आणि वर.

बँकवाले, डॉक्टर, मग सॅका. डबा एक चेपला.

माथा लहान आहे. पाण्याचं टाकं, आणि एक गुहा, तीत आम्ही आता पडलो आहोत. पूर्वेला कळसूबाई, १,६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर. उत्तरेला हरिहर, त्र्यंबकगड, अंजनेरी. दक्षिणेला रतनगड, कात्राबाई, आजोबाचा डोंगर, पार हरिश्चंद्रगड. शेजारचे अलंग आणि कुलंग हाताच्या अंतरावर वाटतात आणि तसे ते अजिबात नाहीत. भंडारदऱ्याचं पाणीही दिसलं. प्रवरेवरचं हे धरण १९२६ साली पुरं झालं, तिच्या कालव्यांवर खालच्या मुलखात ऊस उभा राहिला. इथे डोंगराच्या पायथ्याशी बायका होळीनंतर हंडे घेऊन निघतात. आमच्या खात्याने बांधलेल्या कामांचा मला अभिमान आहे, पण हा हिशेब कोणी नीट मांडलेला नाही.

टाकं पाहिलं. भेग नसलेला घट्ट थर निवडून खोदलंय, उतार असा की माथ्यावरचं पाणी आपसूक आत येतं. कोणत्याही अंदाजपत्रकाशिवाय.

थंडी फार. वारा गुहेत शिरतो. बँकवाले घोरतात, गुहेत ते दुप्पट ऐकू येतं.

शनिवार, आंबेवाडी

दोराने उतरलो. चढण्यापेक्षा सोपं, भीती जास्त. पायऱ्यांना दीड तास. रानातल्या उताराला चार तास. गुडघा : दोन्ही.

डॉक्टरांचा बूट उघडला, दोरीने बांधला. वाटेत कचरा : पाण्याच्या बाटल्या, वेफर्सची पाकिटं. दोन पिशव्या भरून आणल्या.

मास्तर अंगणात खुर्ची टाकून बसले होते. गावातल्या पोरांना नऊचा पाढा शिकवून झालेला. विचारलं, कसं होतं? वहिनी म्हणाल्या, "उद्या या, दाखवते."

भाकर. झोप.

रविवार, आंबेवाडी

कुलंगचा बेत रद्द. कोणी ठराव मांडला नाही, कोणीच उठलं नाही.

रात्री दोनपासून गाड्या येत होत्या. सकाळी मोजायला बसलो, साठ-सत्तर जण तरी असतील, बहुतेक पंचविशीचे. एकेका दोराखाली पंधरा-वीस. शुक्रवारी त्या कातळाखाली आमच्याशिवाय कोणी नव्हतं. आज तिथे रांग लागणार, वरच्या रांगेतला दगड खालच्याच्या डोक्यावर येणार. काहींकडे हेल्मेट नव्हतं. एकाने आमचे पांढरे केस पाहून काळजीने विचारलं, "काका, झेपेल ना?" त्याच्या पायात बागेत फिरायचे बूट होते.

कपडे धुतले. वहिनींनी सहा भाकरी केल्या, एकही तुटली नाही.

सोमवार रात्र, गाडीत

गाडी वेळेवर, पण बसायला जागा नाही, आरक्षण दोघांचं पक्कं, तिघांचं अर्धं. चाळीसगावनंतर पाठ टेकता आली.

हिशेब, माणशी : रेल्वे जाऊन-येऊन १,१५०, जीप ७२०, दोरवाले ३,०००, मुक्काम-जेवण १,२००, वाटाड्या ४००, किरकोळ २१०. एकूण ६,६८० रुपये. मास्तरांनी दोरवाल्यांचे पूर्ण पैसे दिले, कमी घ्या म्हटलं तर रागावले.

बऱ्याच वाचकांनी विचारलं आहे की या वयात जावं का. तब्येत तपासून घेतली असेल आणि परत फिरायची तयारी असेल तर जावं. पण शनिवार-रविवार टाळा, पावसाळ्यात मदनचं नाव काढू नका, आणि दोर हाताळणारी माणसं अनुभवी आहेत याची खात्री केल्याशिवाय खिंडीच्या वर जाऊ नका. वाटाड्या गावातलाच घ्या, त्याचे पैसे आदल्या दिवशी ठरवा आणि ठरले त्यापेक्षा थोडे जास्त द्या. पाणी खालून न्या. एप्रिल-मेमध्ये जाणार असाल तर गावच्या विहिरीवर अंघोळीला बसू नका.