दिवा किती लुमेनचा?



या अंकात परीक्षेच्या तयारीविषयी लिहावे, अशी संपादक मंडळाची सूचना होती. परीक्षेविषयी मी दर अंकात लिहितोच. या वेळी सायकलच्या दिव्याविषयी लिहितो, कारण गेल्या दोन महिन्यांत पालकांनी मला सर्वांत जास्त वेळा विचारलेला प्रश्न तोच आहे.

त्याचे असे आहे. शाळेचे काही माजी विद्यार्थी आणि मी रविवारी पहाटे गाडीवर सायकली लादून महूच्या पुढे जातो आणि जानापावच्या बाजूच्या कच्च्या वाटांवर जाड टायरच्या सायकली चालवतो. जानापाव म्हणजे परशुरामाचे जन्मस्थान मानला जाणारा, चंबळेच्या उगमाचा डोंगर. थंडीत आपल्याकडे सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि आम्ही पाचला निघतो, म्हणजे सुरुवातीचे दोन तास निव्वळ काळोखात जातात. आता अकरावी-बारावीच्या काही मुलामुलींना आमच्याबरोबर यायचे आहे. एका आईने विचारले, ‘‘सर, उजाडल्यावर गेलात तर नाही का चालणार?’’ चालेल की. पण मुलांची रविवारी नऊला कोचिंगची टेस्ट असते. शिवाय हीच मुले रोज रात्री साडेआठला कोचिंगहून सायकलवर घरी येतात, आणि त्यांतल्या निम्म्यांच्या सायकलला दिवा नसतो, हे मी फाटकाबाहेर उभा राहून पाहिले आहे. काळोखात ती जातातच. मग दिव्याची पारख शिकूनच जावीत, असे माझे मत आहे.

मुलांनी आधी मोबाईलवर शोध घेतला आणि एक जण मोठ्या आनंदाने दिवा घेऊन आला. खोक्यावर छापले होते दहा हजार लुमेन, किंमत सातशे रुपये. मी म्हटले, चला, फळ्यावर गणित करू.

लुमेन म्हणजे दिव्यातून सगळीकडे मिळून बाहेर पडणाऱ्या प्रकाशाचे माप. सायकलच्या चांगल्या एलईडी दिव्यात सगळी गळती धरून एका वॅटला साधारण शंभर लुमेन मिळतात. म्हणजे एक हजार लुमेनला दहा वॅट आणि दोन तासांना वीस वॅट-तास ऊर्जा लागते. या दिव्यांत बहुधा 18650 नावाचा लिथियम सेल असतो. नावातच माप आहे, व्यास 18 मिलिमीटर आणि लांबी 65. चांगला सेल 3.6 व्होल्ट आणि सुमारे 3.4 अँपिअर-तासांचा, म्हणजे बारा वॅट-तासांचा. तेव्हा एक हजार लुमेन दोन तास हवे असतील, तर दोन सेल लागतात. दहा हजार लुमेन दोन तास हवे असतील तर सतरा, आणि तेवढ्या सेलांचेच वजन पाऊण किलोच्या वर जाईल. मुलाच्या हातातला दिवा साबणाच्या वडीएवढा होता. त्याने तो उलटा करून पाहिला आणि खिशात ठेवला. त्याच्या सेलवर 9900 मिलिअँपिअर-तास असे छापले होते. त्या आकाराच्या सेलमध्ये आज साडेतीन हजारांच्या फार पुढे कोणीही गेलेले नाही.

मग लागतात किती? याचे उत्तर दुकानात नाही, ब्रेकमध्ये आहे. ताशी 20 किलोमीटर वेगाने जाताना दगड दिसला, की तो कळून बोटे ब्रेकवर आवळेपर्यंत दीड सेकंद जातो आणि सायकल आठ मीटर पुढे गेलेली असते. सुट्या मुरमावर ब्रेकने दर सेकंदाला ताशी दहा-अकरा किलोमीटरच वेग कमी होतो असे धरले, तर थांबायला आणखी पाच मीटर. म्हणजे तेरा-चौदा मीटरवरचा दगड स्पष्ट दिसला पाहिजे. वेग 30 केला की हेच अंतर 24 मीटर होते. वेग दीडपट, अंतर मात्र पावणेदोनपट. आणि प्रकाश नेमका उलट वागतो. दहा मीटरवर जेवढा उजेड पडतो, त्याचा वीस मीटरवर चौथा हिस्सा उरतो. आम्ही हिंदी माध्यमात हा ‘व्युत्क्रम वर्ग नियम’ म्हणून पाठ केला होता, तुमच्या पुस्तकात तो व्यस्त वर्गाचा नियम असेल. नाव काहीही असो, उतारावर तो मार्क कापत नाही, गुडघे फोडतो.

चढावर मात्र वेग ताशी सात-आठच असतो. तिथे दोनशे-तीनशे लुमेन पुरे होतात. उतारावर एक हजार तरी हवेत. आमची पद्धत यावरूनच ठरली आहे. काळोखात चढायचे, वर बसून दशम्या खायच्या आणि स्वच्छ उजाडल्यावरच उतरायचे. मुलांना हा बेत अळणी वाटतो. वाटू दे.

दिवा कुठे बसवावा, हा त्याहून मोठा प्रश्न. हँडलवर की हेल्मेटवर? हँडलवरचा दिवा डोळ्यांच्या बराच खाली असतो. त्याच्या उजेडात दगडाची सावली मागे लांब पडते, खड्ड्याची कड काळी दिसते, आणि त्या सावल्यांवरूनच आपल्याला उंच-सखल कळते. हेल्मेटवरचा दिवा डोळ्यांजवळ असल्यामुळे सावली दगडाआड लपते आणि वाट इस्त्री केल्यासारखी सपाट दिसते. पण वळणावर हँडलचा दिवा समोरच्या झुडपांकडे पाहत राहतो, तर हेल्मेटचा दिवा तुम्ही मान वळवाल तिकडे जातो. म्हणून दोन्ही हवेत. हँडलवर पसरट झोताचा मोठा, हेल्मेटवर निमुळत्या झोताचा छोटा आणि हलका. धुके किंवा पुढच्या सायकलची धूळ असेल, तेव्हा हेल्मेटचा बंद करावा, नाहीतर स्वतःचाच उजेड डोळ्यांवर परत येतो. दोन दिव्यांचा आणखी एक फायदा सांगायलाच नको, एक विझला तरी दुसरा असतो. एकाच दिव्यावर डोंगरात जायचे नाही, हा आमच्यात कायदाच आहे.

एक गोष्ट माळव्यातच कळते. पांढऱ्या भिंतीवर किंवा शहरातल्या सिमेंटच्या रस्त्यावर झगझगीत वाटणारा दिवा आपल्या काळ्या मातीत अक्षरशः मुरून जातो. काळा दगड, काळी माती, दोन्ही उजेड परत देत नाहीत. म्हणून दिवा दुकानाच्या भिंतीवर मारून पाहू नये. निळसर पांढऱ्या प्रकाशापेक्षा किंचित पिवळसर, म्हणजे चार ते पाच हजार केल्विनचा प्रकाश मला मातीच्या वाटेवर बरा वाटतो, त्यात माती आणि सुकलेले गवत वेगळे दिसते.

आमचे एक विश्वस्त काका म्हणाले, ‘‘आमच्या वेळी डायनामोवर भागत होते हो.’’ भागत होते, कारण रस्ते रिकामे होते. तो डायनामो सहा व्होल्ट, तीन वॅटचा, टायरवर घासून पायांतला जीव काढायचा आणि सायकल थांबली की दिवाही थांबायचा. पुढे 1992 साली अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातील कनान इथे डोंगरी सायकलींची चोवीस तासांची शर्यत सुरू झाली आणि रात्रभर चालवायची म्हणून चांगल्या दिव्यांची निकड भासू लागली. तेव्हाचे हॅलोजन दिवे एका वॅटला वीस लुमेनही मुश्किलीने देत आणि त्यांच्या बॅटऱ्या पाण्याच्या बाटलीएवढ्या असत. चित्र पालटले ते निळ्या एलईडीमुळे. त्या शोधासाठी आकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना 2014 चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. बारावीच्या मुलांनी सेमीकंडक्टरचा धडा वाचताना हे लक्षात ठेवावे.

गेल्या महिन्यात आम्ही रात्री शाळेच्या मैदानावर दिव्यांची चाचणी घेतली. मैदानाचे दिवे बंद केले, डोळे काळोखाला सरावावेत म्हणून वीस मिनिटे नुसते गप्पा मारत बसलो, मग 10, 15 आणि 25 मीटरवर एक वीट, एक काळी छत्री आणि डोक्याच्या उंचीवर टांगलेली वर्तमानपत्राची पट्टी ठेवली. ही पट्टी म्हणजे वाटेवर आलेली फांदी. जर्मनीत रस्त्यावरच्या सायकलींच्या दिव्याचा झोत वरच्या बाजूला कापलेला असावा लागतो, म्हणजे समोरच्याचे डोळे दिपत नाहीत. शहरासाठी तसाच दिवा उत्तम. पण त्या दिव्यात आमची पट्टी दिसली नाही, म्हणून डोंगरासाठी गोल झोत घ्यावा आणि डांबरी रस्त्याला लागताच तो मंद करून खाली वळवावा. समोरून दूधवाला येत असेल, तर त्यालाही घरी पोहोचायचे आहे.

त्या सातशेच्या दिव्याने पहिली पाच मिनिटे छान कामगिरी केली. 15 मीटरवरची वीट दिसली, छत्री दिसली नाही. चाळिसाव्या मिनिटाला 10 मीटरवरची वीटही विटेसारखी दिसेना. त्याच्या मालकाने स्वतःच वहीत लिहिले, ‘‘नापास’’. उलट एकीच्या वडिलांच्या जुन्या, खोक्यावर फक्त आठशे लुमेन लिहिलेल्या दिव्याने तासभर छत्री दाखवली.

खोक्यावर ‘एफएल 1’ हे मानक लिहिले असेल, तर आकड्यावर थोडा विश्वास ठेवता येतो. त्यात प्रकाश दिवा लावल्यानंतर तीस सेकंदांनी मोजतात. मात्र ‘चालण्याचा वेळ’ वाचताना सावध राहा. उजेड मूळच्या दहा टक्क्यांवर येईपर्यंतचा सगळा वेळ त्यात धरतात. पाच तास लिहिले असेल, तर त्यातले तीन नुसते काजव्याचे असू शकतात. दिवा तापला की स्वतःहून मंद होतो, हा त्याचा दोष नाही. पाण्यासाठी ‘आयपीएक्स 4’ म्हणजे सगळीकडून शिंतोडे चालतील, ‘आयपीएक्स 7’ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. पहाटेच्या दवाला पहिलाही पुरतो.

मागचा लाल दिवा विसरू नका. पालकहो, एकच दिवा घेण्याएवढे पैसे असतील आणि मूल फक्त शहरात फिरत असेल, तर मी आधी मागचाच घ्या म्हणेन. डोंगरात एकामागून एक जाताना तो मंद आणि स्थिर ठेवावा, लुकलुकणारा दिवा मागच्याचे डोके उठवतो. फुगलेला सेल फेकून न देता जुन्या बॅटऱ्या घेणाऱ्याकडे द्यावा. आणि उशीजवळ चार्जिंग बिलकूल नको.

जंगल खात्याच्या हद्दीत आम्ही काळोखात जात नाही, तुम्हीही जाऊ नका. शेताकडेच्या वाटांवर नीलगाई, म्हणजे आपले रोजडे, असतात. दोन हिरवट डोळे चमकले की थांबायचे, दिवा खाली करायचा आणि त्यांना जाऊ द्यायचे. घाई आपल्याला असते, त्यांना नसते.

विश्वस्त मंडळाने शाळेसाठी चार जोड दिव्यांचा खर्च मंजूर केला आहे, त्याबद्दल आभार. ज्यांना दिवा घेणे शक्य नाही, त्यांनी क्रीडा शिक्षकांकडे नाव द्यावे, कारण विचारले जाणार नाही. पुढची चाचणी येत्या दुसऱ्या शनिवारी संध्याकाळी साडेसातला मैदानावर आहे. दिवा पूर्ण चार्ज करून आणावा, चार्जर आणू नये. छत्री मी आणीन.