डावीकडचा दात

गार पाणी प्यायलं की वरच्या डावीकडच्या सुळ्यामागून कळ उठायची आणि थेट डोळ्यापर्यंत जायची. क्षणभरच. ना ठणका, ना सूज. सदाशिव पेठेत सुजाताची मस्तानी प्यायला गेलो, तर वरचं आइस्क्रीम मजेत संपायचं, खालचं गार दूध मात्र उजव्या गालातूनच रिचवावं लागे. घरच्यांनी कीड ठरवली आणि लवंगेच्या तेलाचा बोळा दिला. तोंडाला वास आला, एवढंच.

पौड रोडवरच्या डॉक्टरबाईंनी दातावर हवेचा बारीक फवारा मारला. मी खुर्चीतून उडालोच. कीड नव्हती. ‘‘उजव्या हातानं घासता ना काका, तेही जोर लावून?’’ म्हणाल्या. हे कसं कळलं? तर उजवखोऱ्या माणसाचा जोर बहुधा डावीकडच्या सुळ्यावर आणि त्यालगतच्या दातांवर पडतो. हिरडी वर सरकते, दाताच्या मुळाशी खाच पडते. त्यांनी तिथं नख फिरवायला सांगितलं. नख चक्क अडकलं.

एनॅमल झिजलं, हिरडी सरकली की खालचं डेंटिन उघडं पडतं. त्यात अतिसूक्ष्म नळ्या असतात, त्यांत द्रव. गार, आंबट, नुसता वारासुद्धा तो द्रव हलवतो आणि आतल्या नसेला कळ लागते. स्वीडनच्या ब्रॅनस्ट्रॉम यांनी १९६०च्या दशकात हे मांडलं. खरखरीत मंजन, मिश्री, रात्री दात खाणं, ॲसिडिटी, रोजचं लिंबूपाणी, सगळीच झीज करणारी मंडळी. गार पाण्यानंतर कळ बराच वेळ रेंगाळली किंवा रात्री आपोआप ठणकलं, तर मात्र प्रकरण नसेपर्यंत गेलेलं असू शकतं. तिथं पेस्टचं काम नाही.

माझी खाच दाताच्या रंगाच्या सिमेंटनं भरली. सोबत पाच टक्के पोटॅशियम नायट्रेटची पेस्ट. ती नसेला शांत करते, पण गुण यायला काही आठवडे लागतात. दोन दिवसांत ‘काही उपयोग नाही’ म्हणून ट्यूब फेकणाऱ्यांत आमचं अर्धं घर मोडतं. घासून झाल्यावर नुसतं थुंकायचं, खळखळून चुळा भरायच्या नाहीत. आंबट खाल्ल्यावर अर्धा तास ब्रशला हात लावायचा नाही. ब्रश मऊ, आणि धरायचा पेनसारखा; मुठीत धरला की जोर येतोच.

लेक डावखुरी. हे सगळं ऐकून तिनं लगेच आरशात उजवी बाजू तपासली. काही सापडलं नाही. ती ब्रश तोंडात नुसता फिरवून आणते, हा भाग वेगळा.