आवाज लहान, दोष कुणाचा?

चि. निखिल यास,


नव्या टर्नटेबलचा आवाज व्हॉल्यूम पूर्ण फिरवूनही लहानच येतो, म्हणून जास्त वॅटचा ॲम्प्लिफायर घ्यावा का, असं तू विचारलं आहेस. इतक्यात घेऊ नकोस. आधी मोबाइल किंवा सीडी प्लेअर, टर्नटेबल जोडलं आहेस त्याच ऑक्सच्या सॉकेटला लावून बघ. त्याचा आवाज खणखणीत आला, तर ॲम्प्लिफायर आणि स्पीकर निर्दोष आहेत. मग वॅट वाढवून काय साधणार? आणि रेकॉर्ड वाजवताना आवाज किती लहान आहे एवढंच ऐकू नकोस, त्याचा पोत कसा आहे तेही ऐक. निदान तिथेच होतं.

सीडी प्लेअरमधून जास्तीत जास्त सुमारे 2 व्होल्टचा सिग्नल येतो. सुईच्या हालचालीबरोबर चुंबक हलवणाऱ्या नेहमीच्या मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजमधून येतात जेमतेम 3 ते 5 मिलिव्होल्ट. तो सिग्नल ऑक्सच्या पातळीला आणायला 40 डेसिबल, म्हणजे शंभर पट वाढ लागते. ते काम फोनो प्रीअँपचं. व्हॉल्यूमचं बटण ते करू शकत नाही, कारण बहुतेक ॲम्प्लिफायरमध्ये ते आलेला सिग्नल अडवण्यापुरतंच असतं. पूर्ण फिरवलं म्हणजे अडवणं थांबलं, इतकंच. पदरचं ते काही घालत नाही.

फोनो प्रीअँपचं दुसरं काम मला अधिक महत्त्वाचं वाटतं. रेकॉर्ड कापताना खालचे स्वर मुद्दाम दाबतात, नाहीतर खाचा रुंद होऊन तबकडीवर कमी संगीत मावेल. वरचे स्वर उचलतात, म्हणजे वाजवताना खरखर दबते. 1954पासून रूढ झालेल्या आरआयएए प्रमाणानुसार फोनो प्रीअँप हे सगळं उलटं फिरवून मूळ तोल परत आणतो. तो नसेल तर 1000 हर्ट्झच्या तुलनेत 100 हर्ट्झचा स्वर सुमारे 13 डेसिबलने, म्हणजे साडेचार पटींनी, दबलेला राहतो. डग्ग्याची घुमक जाते, चाटीचा कडक आवाज तेवढा पुढे येतो. म्हणून आवाज लहान आणि शिवाय पातळ, चिरका असेल, तर फोनो प्रीअँप मध्ये नाही असं बहुतेक खात्रीने समज. लहान असूनही तोल शाबूत असेल, तर कारण वेगळं: कार्ट्रिज मूव्हिंग कॉइल जातीचं असू शकतं. त्यातून अर्धा मिलिव्होल्टही मुश्किलीने येतो आणि त्याला साधारण आणखी 20 डेसिबलची वाढ लागते.

यावर तू म्हणशील, बास वाढवला की झालं. पण ते बटण साधारण दहाएक डेसिबल देतं आणि तेही आरआयएएच्या वळणाने नव्हे. शंभर पटींची उणीव उरतेच. माइकच्या सॉकेटला लावलं तर आवाज मोठा होईल, पण बिघडलेला तोल तसाच मोठा होईल. तिसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: जुने रेकॉर्ड प्लेअर थेट रेडिओला जोडले तरी उत्तम वाजत, ते कसे? त्यांतल्या पुष्कळांत क्रिस्टल किंवा सिरॅमिक कार्ट्रिज असे. त्यातून शेकडो मिलिव्होल्ट मिळतात आणि त्याच्या घडणीमुळेच स्वरांचा तोल बराचसा सावरला जातो. तेव्हा हा दाखला खरा असला, तरी तुझ्या कार्ट्रिजला लागू नाही.

आता टर्नटेबलच्या मागे बघ. फोनो आणि लाइन असा खटका असेल, तर प्रीअँप आतच आहे; खटका लाइनवर ठेवून ऑक्सला जोड. ॲम्प्लिफायरला फोनोचं सॉकेट असेल, तर खटका फोनोवर ठेवून तिथे जोड आणि अर्थिंगची तार लाव, नाहीतर गुणगुण येईल. दोन्ही प्रीअँप एकामागे एक आले, तर आवाज फाटेल. एकच बाजू लहान येत असेल, तर लाल-पांढऱ्या पिना ॲम्प्लिफायरपाशी अदलाबदल करून बघ: दोष दुसऱ्या स्पीकरकडे गेला, तर तो टर्नटेबलकडचा, जागीच राहिला, तर ॲम्प्लिफायरचा किंवा स्पीकरचा. खटकाही नाही आणि फोनोचं सॉकेटही नाही, अशी स्थिती असेल तर मूव्हिंग मॅग्नेटला चालणारा वेगळा फोनो प्रीअँप घे. आहे तो ॲम्प्लिफायर बदलू नकोस.

तुझा,
काका