वाट आपल्या मापाची

नकाशा आणि होकायंत्र हाती घेऊन रानातील खुणा शोधत जाण्याचा ‘ओरिएंटिअरिंग’ नावाचा एक खेळ आहे. त्यातील प्रौढांच्या जागतिक स्पर्धा पस्तिशीपासून सुरू होतात आणि दर 5 वर्षांना वेगळा वयोगट असतो. या खेळात वाट दोन मापांनी मोजतात : अंतर किती, आणि ती ओळखणे किती अवघड. कात्रजला फिरावयास निघताना आपणही हीच दोन मापे लावावीत.

अंतर ठरवतात आपले गुडघे आणि श्वास; अवघडपणा ठरवतात दृष्टी आणि स्मृती. ही दोन्ही एकाच वेगाने थकत नाहीत. वडिलांचे पाय धडधाकट असून विसराळूपणा वाढला असेल, तर त्यांना घरी बसवू नका. ओळखीच्या, सरळ वाटेवर सोबतीने लांबवर न्या. आईची बुद्धी तल्लख पण गुडघे दुखरे असतील, तर वाट आखूड, पण पाहण्याजोगी असावी.

राजीव गांधी प्राणिसंग्रहालय या दोघांनाही सोयीचे. सुमारे 130 एकरांच्या या परिसरात रस्ते बांधीव आहेत आणि जागोजागी पाट्या आहेत. बुधवारी मात्र ते बंद असते. कात्रजच्या तलावाशी इतिहासही भेटतो. नानासाहेब पेशव्यांच्या काळात येथून भुयारी नळाने शनिवारवाड्यापर्यंत पाणी नेले गेले. त्या नळाला वाटेत ‘उच्छ्वास’ ठेवले होते. चालणाऱ्यानेही ते ठेवावेत. दर दहा मिनिटांनी थोडे बसावे.

कात्रज ते सिंहगड ही डोंगरवाट मात्र निराळी. एकामागून एक टेकड्या चढाव्या-उतराव्या लागतात आणि मध्येच परतणे सोपे नसते. तरुणपणी ती केली होती, एवढ्या आधारावर आज ती निवडू नये. उतार गुडघ्यांना चढापेक्षा अधिक जाचतो.

चालताना पूर्ण वाक्य सहज बोलता आले, तर वेग योग्य. निम्मी शक्ती परतीसाठी राखावी. मधुमेहींनी साखर जवळ बाळगावी. छातीत दडपण, घेरी किंवा अनाठायी धाप जाणवल्यास तेथेच थांबावे आणि विनाविलंब रुग्णालय गाठावे.

सोबत्यांनो, गटाचा वेग सर्वांत मागे चालणाऱ्याने ठरवावा. उद्या पुन्हा निघावेसे वाटेल, तीच आज आपल्या मापाची वाट.